एलिझाबेथ कॉटन यांचं ‘फ्रेट ट्रेन’ गिटारवर कसं बसवावं

गाण्याच्या नावातलं ‘फ्रेट’ म्हणजे माल. ‘फ्रेट ट्रेन’ म्हणजे मालगाडी. गिटारच्या दांडीवरचा फ्रेट, म्हणजे धातूची आडवी पट्टी, वेगळा, आणि या लेखात दोन्ही येणार आहेत म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

अमेरिकन लोकसंगीत आणि ब्लूज म्हटलं की ठरावीक पुरुषांची नावं पुढे येतात. एलिझाबेथ कॉटन यांचं नाव गिटार शिकणाऱ्यांना ठाऊक असतं, इतरांना क्वचितच. जन्म 1893चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या कारबरोचा. घराजवळून रेल्वेचा रूळ जात होता. लोकांच्या घरी महिन्याला 75 सेंटवर काम करून त्यांनी पैसे साठवले आणि 3 डॉलर 75 सेंटची गिटार घेतली. अकरा-बाराव्या वर्षी त्यांनी जे गाणं रचलं तेच हे ‘फ्रेट ट्रेन’. नंतर लग्न, संसार, चर्च आणि घरकाम यांत गिटार कित्येक दशकं सुटली. वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या दुकानात त्यांना एक हरवलेली मुलगी सापडली आणि त्यांनी ती तिच्या आईच्या हवाली केली. ती मुलगी पेगी सीगर, आणि आई संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. पुढे कॉटन त्यांच्याच घरी कामाला लागल्या आणि भिंतीवर टांगलेली गिटार पुन्हा हातात आली. रूथ यांचा मुलगा माइक सीगर यांनी कॉटन यांच्या घरी जाऊन साध्या टेपवर ध्वनिमुद्रण केलं, आणि 1958 मध्ये फोकवेज कंपनीनं त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या.

हे गाणं शंभर वर्षांनंतरही नवशिक्यांच्या हाती का दिलं जातं, ते वाजवताना कळतं. कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) चारच आहेत, चाल लहान मुलालाही गुणगुणता येईल अशी आहे, आणि तरी नीट वाजायला महिने लागतात. अवघड आहे तो अंगठ्याचा आणि बोटांचा तोल. या लेखाचा मोठा भाग त्याच तोलाबद्दल आहे.

आधी ऐका, आणि ऐकताना एकच गोष्ट धरा

1958ची रेकॉर्ड लावा. पहिल्या वेळी फक्त खालचा, जाड तारांचा आवाज ऐका. तो तबल्याच्या ठेक्यासारखा एकसारखा चालतो, कुठेही थांबत नाही. दुसऱ्या वेळी फक्त वरची चाल ऐका. तिसऱ्या वेळी दोन्हींच्या आवाजाची तुलना करा. ठेका हलका आहे आणि चाल भरीव. बहुतेक जण वाजवतात तेव्हा नेमकं याच्या उलट होतं, आणि त्याला कारण आहे.

कॉटन डावखुऱ्या होत्या. उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेली गिटार त्यांनी तशीच उलटी धरली, तारा बदलल्या नाहीत. त्यामुळे जाड तारा जमिनीच्या बाजूला आल्या आणि बारीक तारा छताच्या बाजूला. अंगठ्याखाली चाल आली आणि बोटांखाली ठेका. अंगठा हा हाताचा सर्वांत दणकट भाग, त्याचा आघात खाली जाणारा. तो चालीच्या तारेवर पडला की सूर गोल आणि मोठा येतो. तर्जनी जाड तारा खालून वर उचलते, म्हणून ठेका हलका राहतो. आपण सरळ गिटारवर वाजवतो तेव्हा दणकट अंगठा ठेक्यावर आणि नाजूक बोटं चालीवर. मग ठेका धडधडतो आणि चाल बुडते.

हे पटायला एक प्रयोग करा. गिटार उलटी धरा, दांडी उजवीकडे. कॉर्ड धरू नका. डाव्या हाताच्या तर्जनीनं जमिनीकडच्या दोन तारा आलटून पालटून छेडा आणि अंगठ्यानं सर्वांत वरची बारीक तार. पाच मिनिटं पुरे. अंगठ्याचा सूर किती सहज पुढे येतो ते कानाला लागलं की गिटार सरळ करा. आता तुम्हाला साधायचंय ते हेच, फक्त उलट्या हातांनी.

गिटारची तयारी

स्टीलच्या तारांची साधी अकौस्टिक गिटार चालते, मोठ्या पोटाची असायची गरज नाही. तारांचा संच .012 ते .053 चा (तारांची जाडी इंचात) घ्या. बोटं नवीन असतील तर .011 चा. .010 च्या तारा अंगठ्याच्या आघातानं फडफडतात आणि ठेका पत्र्यासारखा वाजतो, म्हणून त्या टाळा.

तारांची उंची बाराव्या फ्रेटवर मोजा: सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली साधारण 2.5 मिमी, पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेखाली 1.8 ते 2 मिमी. जास्त असेल तर चाल वाजवताना करंगळी दुखते आणि लोक पहिल्याच आठवड्यात गाणं सोडून देतात. दोष बोटांचा नसतो, गिटारचा असतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लाकूड दमट हवा पिऊन फुगतं आणि तारा वर येतात, त्यामुळे उन्हाळ्यात बरोबर असलेली उंची जुलैत जास्त भरते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडानं पुसा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. तार काळी पडून खरखरीत झाली असेल तर ती बदलाच, तिचा सूर मेलेला असतो.

सूर नेहमीचाच लावा. सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. सहावीपासून पहिलीकडे: ई, ए, डी, जी, बी, ई. एक सूचना: जुन्या रेकॉर्डिंगची पट्टी तुमच्या ट्यूनरशी तंतोतंत जुळेलच असं नाही. रेकॉर्डबरोबर वाजवायचं असेल तर कॅपोनं (दांडीवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) किंवा सगळ्या तारा किंचित वरखाली करून कानानं जुळवून घ्या. गिटार बेसूर आहे असं समजून तासभर खुंट्या पिळू नका.

उजव्या हाताचं नख अंगठ्याला नको. अंगठ्याच्या कडेचं मांस तारेला लागू द्या. बाकी बोटांना एखादा मिलिमीटर नख असलं तर चालीला धार येते.

चार कॉर्ड, सोळा मात्राखंड

इथे एक खंड म्हणजे चार मात्रा, म्हणजे अंगठ्याचे चार आघात. सी पट्टीत पूर्ण कडवं असं बसतं:

सी – सी – जी7 – जी7
जी7 – जी7 – सी – सी
ई7 – ई7 – एफ – एफ
सी – जी7 – सी – सी

सगळं गाणं एवढंच, कडव्यामागून कडवं. तिसऱ्या ओळीतला ई7 हाच याचा जीव आहे. तोवर गाडी सपाट मैदानातून जाते, ई7 आला की चढ लागतो आणि एफवर गाडी माथ्यावर पोचते. तिथे लय वाढते किंवा घसरते, म्हणून ही ओळ सुटी काढून जास्त वेळा वाजवा.

कॉर्डची बोटं:

सी: अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट चौथीवर दुसऱ्या फ्रेटवर, तर्जनी दुसरीवर पहिल्या फ्रेटवर. करंगळी मोकळी ठेवा, चालीसाठी तिला पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जावं लागतं.

जी7: अनामिका सहावीवर तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट पाचवीवर दुसऱ्या फ्रेटवर, तर्जनी पहिलीवर पहिल्या फ्रेटवर.

ई7: मधलं बोट पाचवीवर दुसऱ्या फ्रेटवर, तर्जनी तिसरीवर पहिल्या फ्रेटवर. बाकी तारा मोकळ्या.

एफ: अनामिका चौथीवर तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट तिसरीवर दुसऱ्या फ्रेटवर, तर्जनी आडवी करून पहिली आणि दुसरी तार पहिल्या फ्रेटवर. सहा तारांचा पूर्ण बारे (एकाच बोटानं सगळ्या तारा दाबणं) धरायची इथे गरज नाही.

ठेका: पहिला आठवडा फक्त अंगठा

चालीचा मोह आवरा. पहिला आठवडा अंगठ्याशिवाय एकही बोट तारेला लावायचं नाही. अंगठ्याच्या तारांचा क्रम असा:

सी: पाच, चार, सहा, चार. तिसऱ्या मात्रेला अनामिका पाचव्या तारेवरून उचलून सहाव्या तारेच्या त्याच फ्रेटवर न्यायची आणि पुढच्या खंडाच्या आधी परत आणायची. सुरुवातीला हे जमत नसेल तर पाच, चार, पाच, चार वाजवा.
जी7: सहा, चार, पाच, चार.
ई7: सहा, चार, पाच, चार.
एफ: चार, तीन, चार, तीन.

मेट्रोनोम (ठरावीक वेगानं ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर लावा, एका ठोक्याला एक आघात. चारही कॉर्डमधून सोळा खंड तीन वेळा सलग, एकही आघात न चुकवता वाजले की 4 नं वाढवा. 100 च्या आसपास पोचलात की चालीकडे वळायला हरकत नाही.

कॉर्ड बदलताना ठेका थांबतो, ही पहिली आणि सर्वांत मोठी अडचण. याचं कारण म्हणजे आपण सगळी बोटं एकदम बसवायला जातो. त्याची गरजच नसते. सीवरून जी7 वर जाताना पहिल्या मात्रेला लागते फक्त सहावी तार, म्हणजे फक्त अनामिका. दुसऱ्या मात्रेला चौथी तार मोकळी वाजते, म्हणजे तोवर मधलं बोट तिच्यावरून उचललेलं असलं की झालं. पाचव्या तारेवर मधलं बोट तिसऱ्या मात्रेला लागतं. पहिल्या तारेवरची तर्जनी तर चालीत तो सूर येईल तेव्हाच. ज्या तारेची पाळी आधी, तिचं बोट आधी. ई7 वरून एफवर जातानाही तसंच: आधी एकटी अनामिका चौथ्या तारेवर, मग मधलं बोट तिसरीवर, तर्जनी शेवटी. हे एकदा हाताला समजलं की कॉर्ड बदलताना घाई करावीच लागत नाही.

चाल जोडताना

मात्रा तोंडानं मोजा: ‘एक, दोन-नि, तीन-नि, चार’. हा ‘नि’ म्हणजे दोन आघातांमधली अर्धी जागा. सी कॉर्ड धरा आणि हा साचा चालवा:

एक – अंगठा आणि मधलं बोट एकदम, चिमटीत धरल्यासारखं. अंगठा पाचवीवर, मधलं बोट पहिलीवर.
दोन – अंगठा, चौथी तार.
नि – मधलं बोट, पहिली तार.
तीन – अंगठा, सहावी तार.
नि – तर्जनी, दुसरी तार.
चार – अंगठा, चौथी तार.

ही अजून गाण्याची चाल नाही, हाताची सवय आहे. अंगठ्याचा ठेका आणि बोटांचे मधले सूर एकमेकांत न अडकता चालले की खरी चाल शोधा. ती कागदावरून उतरवण्याआधी तोंडानं पक्की करा: अडलं तर रेकॉर्ड ऐका, गुणगुणा, मग तो सूर पहिल्या दोन तारांवर शोधा. चालीचा बराचसा भाग धरलेल्या कॉर्डच्या आतच सापडतो, हात लांब जात नाही. जे सूर मात्रेवर पडतात ते चिमटीनं, जे ‘नि’वर पडतात ते एकट्या बोटानं. चालीचा सूर कधी मात्रेवर आणि कधी ‘नि’वर ठेवायचा, यातच या गाण्याची झुळझुळ आहे. रॅगटाइमची (मात्रेच्या मधे सूर टाकणारी जुनी अमेरिकन शैली) ढब इथूनच येते. सगळे सूर मात्रेवर पडले तर गाणं कवायतीसारखं वाजतं.

एका वेळी दोनच खंड घ्या. दोन खंड ठेक्यासकट दहा वेळा न अडता वाजले की पुढचे दोन.

आता पुन्हा तोलाकडे. फोन गिटारपासून साधारण एक मीटरवर ठेवा आणि एक कडवं रेकॉर्ड करा. ऐकताना चाल शोधावी लागत असेल तर अंगठा जड आहे. उपाय क्रमानं असे: अंगठ्याचा आघात निम्म्यानं कमी करा आणि सांध्यातून न मारता नुसता तारेवरून घसरू द्या. त्यानं भागलं नाही तर उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ (गिटारच्या पोटावर तारा बांधलेली पट्टी) जाड तारांवर अगदी हलकी टेकवा, ठेका ‘टुक टुक’ होईल आणि चाल मोकळी राहील. तळवा जास्त दाबला तर सूरच मरतो, तेव्हा फक्त स्पर्श हवा. कधी कधी दोष चालीकडे असतो: बोट तारेला वर ओढत असेल तर तार फ्रेटवर आपटून चट्ट आवाज येतो. बोट तळव्याच्या दिशेनं आत वळवा.

वेगाचा मोह नको. मिनिटाला 130-140 आघात ही वरची मर्यादा समजा, आणि ज्या वेगात स्पष्ट शब्दांत गाता येत नाही त्या वेगात वाजवू नका.

गाताना

हे गाणं गाणाऱ्यानं मधे मधे स्वतःला दाखवायचं नाही. सुगम संगीत शिकलेल्या गळ्याला ओळीच्या शेवटी हरकत किंवा मुरकी घ्यावीशी वाटते. इथे ती घेऊ नका. कॉटन यांचा आवाज खालच्या पट्टीतला, बोलल्यासारखा, किंचित थकलेला आहे, आणि सूर सरळ ठेवल्यानंच शब्दांना वजन येतं. शब्द मृत्यूबद्दल आणि पुरल्या जाण्याच्या जागेबद्दल आहेत, तेही एका लहान मुलीनं लिहिलेले. त्यांना रडका आवाज दिला तर ते बिघडतात.

पट्टी ठरवायला हा हिशेब सोपा. सी पट्टीचे हेच आकार, कॅपो नसेल तर पांढरी एक. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला तर काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन, चौथ्यावर पांढरी तीन. कॅपो लावल्यावर सूर पुन्हा तपासा, तिसरी तार हमखास वर सरकलेली असते.

सुरुवातीला गाताना चाल वाजवू नका, फक्त ठेका आणि कॉर्ड. कडव्यांच्या मध्ये चाल वाजवा. गळा आणि बोटं यांची गाठ नंतर आपोआप बसते.

डावखुऱ्यांसाठी

तीन वाटा आहेत. डावखुरी गिटार विकत घेणं हा सर्वांत सरळ मार्ग, मात्र दुकानात निवड कमी असते. उजवी गिटार घेऊन तारा उलट्या क्रमानं लावणं ही दुसरी वाट, आणि इथेच जास्त नुकसान होतं: नटच्या (दांडीच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात, त्यामुळे जाड तार बारीक खाचेत बसत नाही आणि बारीक तार मोठ्या खाचेत खुळखुळते. ब्रिजवरचा सॅडलही (तारा टेकतात तो पातळ तुकडा) तिरका असतो, तोही उलटा होतो आणि वरच्या फ्रेटवर सूर चुकतात. नट नवा, सॅडल नवा, दोन्हींचं काम कारागिराकडून करून घ्यावं लागतं.

तिसरी वाट कॉटन यांची: काहीही न बदलता उलटी धरायची. फायदा असा की जगातली कुठलीही गिटार हातात घेऊन वाजवता येते. किंमत अशी की पुस्तकातले बोटांचे आकार उपयोगाचे राहत नाहीत. फ्रेट आणि तारा त्याच, पण बोटांची तिरपी रेघ उलटी होते. सी कॉर्डमध्ये तर्जनीला वर छताकडे ताणून दुसऱ्या तारेपर्यंत जावं लागतं आणि अनामिका खाली जमिनीच्या बाजूला राहते. दांडीवरून अंगठा वळवून तार धरायची असेल तर तो सहाव्या तारेवर पोचत नाही, पहिल्या तारेवर पोचतो. प्रत्येक कॉर्ड कागदावर पुन्हा काढा, तारांचा क्रम उलटा करून. महिनाभर त्रास होईल, मग होत नाही.

हे जमल्यावर

‘ओ बेब, इट एंट नो लाय’ घ्या. शेजारच्या एका बाईनं लहानपणी खोटी तक्रार केली आणि आईकडून शिक्षा झाली, त्यावर कॉटन यांनी हे गाणं रचलं. त्यानंतर ‘शेक शुगरी’, याची कडवी त्यांच्या पणतवंडांनी त्यांच्याबरोबर बसून जुळवली, आणि 1967च्या रेकॉर्डवर ते त्यांची बारा वर्षांची पणती ब्रेंडा इव्हान्स हिनं गायलंय. त्या मुलीचा कोवळा आवाज आणि पणजीची गिटार एकत्र ऐकली की कॉटन यांचं संगीत घरातून कसं वाढलं ते दिसतं.

त्यांच्या ‘वास्टापोल’ या वादनासाठी सूर वेगळा लागतो. सहावी तार ई वरून डीपर्यंत उतरवा, पाचवी आणि चौथी तशाच ठेवा, तिसरी जी वरून अर्धा सूर खाली एफ शार्पला, दुसरी बी वरून एला, पहिली ई वरून डीला. मोकळ्या तारा छेडल्या की डी कॉर्ड वाजली पाहिजे. तारा सैल होतात, म्हणून .011 चा संच इथे ढिला पडतो. वाजवण्याआधी पाच मिनिटं थांबून सूर पुन्हा तपासा.

नाव लिहिताना

गाणं बसलं की बहुतेक जण व्हिडिओ टाकतात. वर्णनात ‘पारंपरिक’ असं लिहू नका. पेगी सीगर यांनी हे गाणं ब्रिटनमध्ये नेलं, तिथे ते दुसऱ्यांच्या नावावर नोंदलं गेलं आणि 1957 मध्ये चास मॅकडेव्हिट आणि नॅन्सी व्हिस्की यांच्या आवाजात तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पाचांत पोचलं. मूळ रचनाकाराला श्रेय मिळवण्यासाठी नंतर झगडावं लागलं. 1984 मध्ये अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप, 1985 मध्ये ग्रॅमी, आणि 1987 मध्ये सिराक्यूजला मृत्यू. 2022 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्येही नाव लागलं. वर्णनात एक ओळ पुरते: शब्द आणि संगीत, एलिझाबेथ कॉटन.